पेंग्विनवाले मास्तर

मास्तर विक्षिप्त होते, हे मी नाकारत नाही. दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधणारा माणूस सरळ कसा असेल? पण आमच्या मंडळात त्यांच्याबद्दल ज्या गोष्टी सांगतात त्यांतल्या निम्म्या खोट्या आहेत. परवा गणपतीत कोणीतरी माझ्यासमोरच सांगत होता की मास्तर पेंग्विनना गाणी म्हणून झोपवायचे. अजिबात नाही. त्यांचा आवाज ऐकून पेंग्विन पळाले असते. मी तिथेच तसं बोलले, तर सगळे म्हणाले, मावशी, मग तुम्हीच लिहा अंकात. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. सजवून लिहिता येत नाही. पाहिलं तेवढं लिहिते.

ते कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. ते नाव मी ठेवलं, कारण समोरच्याची चूक काढल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. मूळचे वाईचे. एसीचं आणि पाणी थंड करायच्या यंत्रांचं काम करायचे. इथे न्यूजर्सीत समुद्राकडच्या एका मत्स्यालयात पंप दुरुस्त करायला म्हणून गेले, ते पंचवीस वर्षं बाहेरच आले नाहीत. पंप नीट झाला तेव्हा त्यांनी विचारलं म्हणे, "आत कोण राहतं?" लोकांनी पेंग्विन दाखवले. तिथून पुढे मास्तरांचं घरातलं लक्ष उडालं, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

आमची गाठ पडली एडिसनला, ओक ट्री रोडवरच्या दुकानात. दुकानदार मला शिळं पापलेट ताजं म्हणून देत होता. मी कल्ला उघडून त्याच्या नाकासमोर धरला. म्हटलं, "हा बघ, चहासारखा झालाय. ताजा मासा असा असतो का रे?" मागे एक उंच, वाळकुडा माणूस कोथिंबिरीची जुडी घेऊन उभा होता. भर उन्हाळ्यात गुडघ्यापर्यंत रबरी बूट.

"मावशी, तुम्हाला मासे कळतात?"

"कोळ्याच्या घरात जन्मले, थळला. तुम्हाला काय कळतं?"

"मला काहीच कळत नाही. मी शाकाहारी आहे. पण रोज दोन बादल्या मासे लागतात मला."

मी पिशवी छातीशी धरली. वेड्या माणसाशी दुकानात वाद घालू नये.

तरी तोंडातून निघालंच, "आणि मावशी कोणाला म्हणता? तुमच्याहून चार वर्षं तरी लहान असेन."

"असाल. मासे ओळखणाऱ्या बाईला मी मावशीच म्हणतो," असं म्हणून त्यांनी खिशातून मत्स्यालयाचं कार्ड काढलं आणि मला तिथे मदतीला यायला सांगितलं.

मुलाने घरी कॉम्प्युटरवर सगळं तपासून पाहिलं. म्हणाला, "आई, माणूस जेन्युइन आहे. व्हॉलंटियर म्हणून जा तू. घरी बसून टीव्हीला शिव्या देण्यापेक्षा बरं." आठवड्यातून तीन दिवस मास्तर पिस्कॅटवेहून गाडी घेऊन यायचे आणि मला घेऊन जायचे. त्या गाडीत माशांचा असा वास होता की मलाही तो जास्त वाटला. जानेवारीतही ते काचा खाली ठेवायचे. मी दोन स्वेटर आणि मुलाची जुनी कानटोपी घालून बसायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला माशांच्या स्वयंपाकघरात उभं केलं. समोर स्टीलचं टेबल, सुऱ्या, दोन बादल्या मासे. हेरिंग म्हणतात त्याला, आपल्या तारलीची थोरली बहीण म्हणा. "हे तयार करा," म्हणाले आणि गेले. मी पदर खोचला आणि पाऊण तासात दोन्ही बादल्या तयार केल्या. डोकी उडवली, पोटं काढली, कल्ले काढले, पंख छाटले, खवले खरवडले, मिठाच्या पाण्यातून तीनदा धुतले. पाहुण्यांना करतात तसे लखलखीत केले. मास्तर आले आणि बादलीकडे बघत राहिले.

"मावशी, हे काय?"

"साफ केले."

"डोकी कुठायत?"

"टाकली. डोकी खातात होय पाहुणे?"

"अहो, पक्षी अख्खा मासा गिळतो! डोक्याकडून! पोटात सगळं लागतं त्याला, काटा, काळीज, सगळं. आणि कल्ले काढलेत तर मी व्हिटॅमिनची गोळी ठेवू कुठे?"

त्या गोळ्या माशाच्या कल्ल्याखाली लपवून द्यायच्या असतात हे मला कोण सांगणार होतं? म्हटलं, "मग आधी सांगायचं ना. तयार करा म्हणालात. आमच्यात तयार म्हणजे हेच." मास्तरांनी भिंतीवरचा कागद दाखवला. तो इंग्रजीत होता. मला वाचता येत नाही म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि तिथल्या तिथे सगळा कागद मराठीत उतरवून भिंतीवर चिकटवला. अक्षर टपोरं. शेवटी लिहिलं होतं, "मासा धुऊन पांढरा करू नये." माझ्या दोन बादल्या दुसऱ्या टाकीतल्या मोठ्या माशांनी खाल्ल्या. त्यांची काही तक्रार आली नाही.

कागदावर त्यांचा फार जीव. कोणी काही म्हटलं की पहिला प्रश्न, "कागदावर आहे का?" पक्ष्याने किती मासे खाल्ले, पाणी किती गरम, घरट्यातून कोण कधी उठलं, सगळं वहीत. मी एकदा म्हटलं की आज पक्षी सुस्त वाटतोय, तर म्हणाले, "वाटतोय हे कुठल्या रकान्यात लिहू?"

दोन घड्याळांचं असं. डाव्या हातात इथली वेळ, उजव्या हातात दक्षिण आफ्रिकेची. हे पेंग्विन तिकडच्या किनाऱ्यावरचे. "यांचं माहेर तिकडे आहे. तिथे किती वाजले हे माहीत नको?" मी विचारलं, माहीत होऊन करता काय? "काही नाही," म्हणाले. "माहीत असतं."

पेंग्विन म्हटलं की सगळ्यांना बर्फ आठवतो. मलाही तेच माहीत होतं. हे पक्षी मात्र उन्हातले. डोळ्यावर गुलाबी कातडीचा डाग असतो, ऊन वाढलं की तो लाल होतो, तिथून अंगातली उष्णता बाहेर जाते. ओरडतात गाढवासारखे. इथे बर्फ पडला की यांना उबदार खोलीत ठेवावं लागतं. हे लोकांना पटत नाही. एकदा मिनेसोटाहून, ईडन प्रेरीहून, एक मराठी कुटुंब आलं होतं. त्यातला गृहस्थ काचेपाशी उभा राहून मोठ्याने म्हणाला, "यार, बर्फ कुठेय? बिचाऱ्यांना असं कोरड्या दगडावर ठेवलंय. आमच्याकडे पाठवा, सहा महिने बर्फच बर्फ."

मास्तर माशांची बादली घेऊनच गेले त्याच्याकडे. "मूळ गाव?"

"नागपूर."

"मग मिनेसोटात कसे जगता?"

"हीटर लावतो ना काका."

"बर्फात झोपत नाही?"

"नाही."

"का? आवडत नाही?"

गृहस्थाची बायको इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी त्या माणसाला तिथेच अर्धा तास उभं करून सगळं सांगितलं. मला ते गाडीत रोज सांगायचे, त्यामुळे पाठ आहे. त्या बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे जाड थर होते, त्यात हे बिळं करून अंडी घालायचे. माणसांनी तो थर खत म्हणून खरवडून नेला. मग अंडी उघड्यावर आली, उन्हात भाजायला लागली. अंडीसुद्धा माणसांनी पेट्या भरभरून नेऊन खाल्ली. आणि आता यांच्या तोंडची तारली जाळ्यांत जाते. जगातून नाहीसे व्हायच्या यादीत यांचं नाव अगदी वर आहे. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे पर्ससीनच्या अवाढव्य जाळीवाल्यांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मास्तर पक्ष्यांशी मराठीत बोलायचे. त्यामुळे तिथल्या गोऱ्या पोरी सगळ्या पक्ष्यांना "चल गं" म्हणतात. नरालाही चल गं. मी सुधारायला गेले तर मास्तर म्हणाले, "राहू द्या, पक्षी ऐकतो आहे ना?" ही एकच चूक त्यांनी आयुष्यात कोणाची सोडली असेल.

घरी मात्र त्यांचं काही चालत नसे. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, गॅरेजमध्ये नळ बसवून घेतला होता. आंघोळ तिथे, कपडे तिथे, मग घरात. डब्यात रोज दहीभात, आणि तो ते गाडीत बसून, तोंड फिरवून खायचे. "पंचवीस वर्षं झाली," मी म्हणायचे, "अजून वास सोसत नाही?" "सोसतो, पण दहीभाताबरोबर नाही."

आता मुख्य गोष्ट सांगते.

या पक्ष्यांच्या जोड्या आपण लावायच्या नसतात. देशभरच्या पक्ष्यांची एक यादी आहे. कोणाचे आईबाप कोण, कोण कोणाचा चुलत, सगळं त्यात असतं. ती यादी बघून ठरतं की कोणी कोणाबरोबर राहायचं, म्हणजे रक्त एकात एक होऊ नये. आपल्याकडे गोत्र बघतात त्याहून कडक. आमच्याकडे एक मादी होती. पंखाला पिवळे मणी, म्हणून पिवळी. तिचा नर हिरवा. पिवळीच्या घराण्यातलं इकडे तिच्याशिवाय कोणीच उरलं नव्हतं. ती गेली की ते रक्त संपलं. तीन वर्षं तिची अंडी वाया गेली होती. एकदा फुटलं, एकदा भरलंच नाही, एकदा पिल्लू दोन दिवसांत गेलं. पिवळी म्हातारी होत चालली होती. यादीवाल्यांनी कळवलं की हे वर्ष शेवटचं. या वेळी पिल्लू जगलं नाही तर हिरव्याला दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या मादीकडे पाठवायचं.

त्या वर्षी जानेवारीत पिवळीने दोन अंडी दिली. एक भरलं नाही. दुसऱ्यातून पिल्लू आलं. मूठभर राखाडी कापूस, त्याला चोच. मास्तर रोज सकाळी त्याला भाजीच्या टोपलीसारख्या टोपलीत घालून वजन करायचे. दोन आठवडे वजन चढत गेलं. मग थांबलं.

माशांच्या नव्या पेट्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. पहिली पेटी मीच उघडली. मासा वितळल्यावर हातात घेतला आणि म्हटलं, "मास्तर, हा मासा रिकामा आहे."

"रिकामा म्हणजे?"

"गाभोळी टाकून झालेला. अंडी घालून बसलेली मासळी. पोट लोंबतंय बघा, मानेमागे पाठ बसलीय. अंगात चरबी नाही याच्या. आम्ही असा मासा सुकवायलासुद्धा घेत नाही."

त्यांनी पेटीवरची चिठ्ठी वाचली. तारीख नीट, चरबीचा आकडा नीट, सही नीट. "कागदावर ठीक आहे, मावशी."

"कागद खाणार आहे का पक्षी?"

"मावशी, चरबी डोळ्यांनी मोजता येत नाही."

मी पुढचा मासा उचलला. पक्षी त्यांचे, वही त्यांची.

त्या दिवसांत मी रोजच जायला लागले. चौथ्या दिवशी वजन तेवढंच. सहाव्या दिवशी घटलं. पिवळी आणि हिरवा पोटभर खात होते, पिल्लाला भरवत होते, आणि पिल्लाच्या मानेची हाडं हाताला लागायला लागली होती. आमची डॉक्टर म्हणजे एक मराठी मुलगी. एडिसनलाच जन्मलेली, बाप नागपूरचा. तिने रक्त तपासलं, विष्ठा तपासली. काही निघालं नाही. सातव्या दिवशी सकाळी काट्यावरचा आकडा बघून तिने हातमोजे काढले.

"काका, आय अ‍ॅम सॉरी. आज दुपारी मी पिल्लू काढतेय. हँड-फीड करू. पेरेंट्सना जमत नाहीये."

"जमतंय," मास्तर म्हणाले. "मी आठवडाभर बघतोय. दोघं चुकत नाहीत."

"मग वजन का उतरतंय? एक्सप्लेन करा मला."

मास्तर दोन्ही घड्याळांकडे बघत उभे राहिले. मला राग आला.

मी डॉक्टरला म्हटलं, "तू काढून काय भरवणार गं त्याला?"

"फॉर्म्युला, मावशी. फिश मिक्सरमध्ये घालून."

"कुठला मासा?"

तिने बादलीतल्या माशाकडे पाहिलं.

"हाच ना? मग आईने भरवला काय आणि मिक्सरने भरवला काय? रिकामा मासा रिकामाच."

"सॅम्पल लॅबला पाठवू या. पण रिपोर्टला आठवडा लागतो."

"याला आठवडा नाही," मी म्हटलं. पिल्लाचं डोकं टोपलीच्या काठावर टेकलं होतं. मास्तर त्याच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी, डोळ्यांनी नको. मला दिसेल असं काही दाखवता येईल?"

"तवा आहे का?"

मास्तरांचा स्वतःचाच एक नियम होता की प्रत्येक खेपेतला थोडा मासा शीतपेटीच्या तळाला ठेवून द्यायचा. आधीच्या खेपेतले चार मासे सापडले. वरच्या मजल्यावर कर्मचाऱ्यांची जेवायची खोली, तिथे विजेची शेगडी. दोन सारखे पॅन घेतले. तेलाचा थेंब नाही, मीठ नाही. आमच्याकडे तारली घ्यायची की नाही हे असंच बघतात. कोरड्या तव्यावर टाकायची. अंगात असेल तर ती आपल्याच तेलात तळली जाते. नसेल तर तव्याला धरते. एका पॅनमध्ये जुना मासा टाकला, दुसऱ्यात नवा. मास्तर नाकाला रुमाल लावून, हातात वही घेऊन दोन पावलं मागे उभे.

पाच मिनिटांत जुना मासा तडतडायला लागला. पॅन तिरका केला तर तेल एका बाजूला वाहून आलं, चमच्याने उचलावं एवढं. नवा मासा पॅनला चिकटला. उलटायला गेले तर कातडी खाली राहिली आणि मांस भुशासारखं सुटलं. डॉक्टर म्हणाली, "ओह माय गॉड." मास्तरांचं पेन वहीवर टेकलेलं तसंच राहिलं.

तेवढ्यात छताला टांगलेला तो धूर ओळखणारा डबा कोकलायला लागला.

आणि मग सगळी इमारतच कोकलायला लागली. लाल दिवे, भोंगे. तिथला नियम असा की भोंगा झाला की सगळ्या पाहुण्यांना बाहेर काढायचं. मार्च महिना, वारा बोचरा, आणि दोनशे माणसं पार्किंगमध्ये उभी. आमची क्युरेटर म्हणजे सगळ्या प्राण्यांची मुख्य बाई, ती कोटाशिवाय बाहेर पळत आली होती. आगीचा बंब आला. त्यातून जाडजूड लोक उतरले.

मला वाटलं, मास्तर आता कुठेतरी तोंड लपवतील. ते दोन हातांत दोन पॅन घेऊन जिन्यावरून उतरले, गर्दीतून सरळ चालत गेले आणि क्युरेटरच्या पुढ्यात उभे राहिले. रबरी बूट, कपाळावर घाम, दोन्ही पॅनमधून वाफ.

"आग नाही," ते म्हणाले. "मासा आहे. डावीकडचा बघा. आता उजवीकडचा बघा."

बाई गारठलेली, संतापलेली. "तुम्ही स्वयंपाक करत होतात?"

"तपासणी करत होतो. डावीकडच्या माशात चरबी आहे. उजवीकडच्यात नाही. पिल्लू उपाशी आहे. आईबाप पोट भरून उपासमार करतायत त्याची, आणि मासा मी आणलेला आहे."

बंबवाल्यांचा मुख्य, मिशीवाला, वाकून बघत होता. त्याने डावीकडच्यातला तुकडा उचलून तोंडात टाकला. डॉक्टर ओरडली, "डोन्ट ईट दॅट!" तोवर त्याने उजवीकडचाही टाकला होता. चावला, थांबला, बाजूला जाऊन थुंकला.

"हा झकास आहे," तो म्हणाला. "तो पुठ्ठा आहे."

मंडळात सांगतात की त्या दिवशी मास्तरांनी पक्ष्यासाठी जन्मात पहिल्यांदा मासा खाल्ला. खोटं आहे. मास्तरांनी रुमालसुद्धा काढला नाही. खाल्ला तो बंबवाल्याने.

क्युरेटर हसली नाही. तिने विचारलं, "लॅबच्या रिपोर्टऐवजी मी हे धरायचं?"

"रिपोर्ट येईपर्यंत धरा," मास्तर म्हणाले. "रिपोर्टने मला खोटं ठरवलं तर मी दुसऱ्या दिवशी निघून जातो."

मी मध्ये पडले. "तुम्ही कशाला जाता? तवा माझा." डॉक्टरने ते बाईला इंग्रजीत सांगितलं. बाई माझ्याकडे बघत राहिली. तिला बहुधा तोवर माहीत नव्हतं की माशांच्या खोलीत कोण असतं. मग तिने कोणाचातरी कोट अंगावर ओढला आणि तिथेच उभं राहून फोन लावला. शेजारच्या राज्यातल्या एका मत्स्यालयात चांगल्या माशाच्या पेट्या होत्या. ते द्यायला तयार झाले.

जायला दोन तास, यायला दोन तास. मास्तरांनी गाडी कशी चालवली ते मी त्यांच्या घरी सांगितलं नाही. तिथे पोचल्यावर त्यांनी चिठ्ठी वाचायला हात पुढे केला आणि मग मागे घेतला. पेटी माझ्यापुढे सरकवली. "मावशी, तुम्ही बघा." मी वरचा बर्फ फोडून एक मासा काढला. घट्ट, पाठ भरलेली. म्हटलं, "उचला." परत येताना पेट्या मागे मावेनात, तर एक माझ्या पायांखाली. घोटे बधिर झाले. संध्याकाळच्या खाण्याच्या आत आम्ही पोचलो; डॉक्टरने तोवर पिल्लू काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वजन आणखी थोडं उतरलं. डॉक्टर दारात उभी होती, हातात पिल्लासाठी उबेची पेटी. मास्तर म्हणाले, "आजचं वजन कालच्या माशाचं आहे. उद्यापर्यंत थांब."

"काका, रिस्क आहे."

"आहे."

तिने पेटी खाली ठेवली, पण तिथून हलवली नाही. तिसऱ्या दिवशी काटा होता तिथेच. मास्तरांनी दोनदा तोललं. चौथ्या दिवशी काटा वर गेला. थोडा नाही, चांगला गेला. डॉक्टर उड्या मारायला लागली तर मास्तर म्हणाले, "हळू, पक्षी बसलेत," आणि आकडा लिहिला. पाचव्या दिवशी पिल्लाने टोपलीतून डोकं काढून त्यांच्या बाहीला चोच मारली. तेव्हा मला खात्री पटली.

आठवड्याने लॅबचा रिपोर्ट आला. तव्याने सांगितलं तेच त्यात होतं, फक्त पानं जास्त. त्या दिवशी मास्तरांनी वहीत इंग्रजीत जे लिहिलं ते डॉक्टरने मला मराठीत सांगितलं. "कागद चुकला. मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." मला बरं वाटलं. नाही कशाला म्हणू? तेव्हापासून तिथे नियम आहे की नवी खेप आली की दोन मासे कोरड्या तव्यावर टाकायचे. भिंतीवरच्या इंग्रजी कागदात तो छापलाय, मावशी टेस्ट म्हणून. शेगडी आता मागच्या अंगणात ठेवलीय.

मास्तर आता इथे नाहीत. निवृत्त झाल्यावर लोक फ्लोरिडाला जातात, हे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले. तिथे वाळूत कृत्रिम घरटी पुरायचं काम चालतं, विष्ठेच्या थराच्या जागी. सत्तरीत खड्डे खणतायत. मला फोटो पाठवतात, त्यात माणूस एक नसतो, नुसती बिळं. एका फोटोत बिळाच्या तोंडाशी पक्षी बसलेला दिसला, खाली लिहिलं होतं, "भाडेकरू आला." वहिनी सहा महिने तिकडे असतात, सहा महिने पिस्कॅटवेला. मी विचारलं, तिकडे वास कसा सोसता? म्हणाल्या, "तिथे समुद्रच तसा आहे, यांना एकट्यांना काय बोलू?"

त्या पिल्लाचं सांगायचं राहिलं. तीन महिन्यांनी त्याचा कापूस झडला आणि निळसर राखाडी पिसं आली. पाण्यात सोडलं त्या दिवशी ते दगडावरून थेट खाली पडलं आणि पडल्यावर जे निघालं ते टाकीच्या दुसऱ्या टोकाला. पिवळी नि हिरवा एकत्रच राहिले. यादीवाल्यांचं पत्र आलं की जोडी मोडायची नाही, आणि पिल्लाला क्रमांक द्या. क्रमांक म्हणजे पंखाला पट्टी लावायची आणि देशाच्या यादीत नाव चढवायचं. पिवळीच्या घराण्यात आता दोघं झाले.

पट्टी लावायच्या दिवशी मास्तर म्हणाले, "मावशी, पक्षी तुम्ही धरा." मी त्याआधी कधी पक्षी धरला नव्हता. मासे धरलेत जन्मभर. त्यांनी दाखवलं तसा काखेत घेतला. चांगला जड होता. मास्तरांनी पट्टी बसवली, क्रमांक मोठ्याने वाचला, डॉक्टरने लिहिला, आणि त्याच क्षणी त्या कार्ट्याने मान वळवून माझ्या अंगठ्याचा लचका तोडला. रक्त थेट बुटावर. डॉक्टर मलम आणि कापूस आणायला धावली.

"सोडा, मावशी, सोडा त्याला!" मास्तर ओरडले.

मी सोडला नाही. म्हटलं, "चावू द्या. आधी पट्टी घट्ट बसलीय का बघा."

अंगठ्याला तीन टाके पडले. उपाशी पक्ष्याला असं चावता येत नाही.